गॉसलिंगच्या मिशा

माणसाने एकदा तरी टॉयलेट पेपरचा पोशाख घालून भर चौकात उभं राहावं. त्यानंतर आयुष्यात कसलीच लाज उरत नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणण्याआधी घसा खाकरायचे, आणि तेवढ्यात मिसेस लोकेन पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. हजेरीच्या वहीप्रमाणे मी नववीचे निम्मे दिवस शाळेत नव्हतेच. आणि या एप्रिलमध्ये मी, ब्रिन हिटपास, वय सोळा, हॅन्सेल मार्केटच्या दारात सहा फुटी पांढऱ्या रोलच्या आत उभी राहून ओरडत होते, "ओ काकू! तुम्ही ज्याने पुसता ना, ते झाड दोनशे वर्षांचं होतं!"

काकू दचकल्या. त्यांच्या ट्रॉलीत गॉसलिंगचा बारा रोलचा गठ्ठा होता. त्यांनी तो कोबीखाली लपवला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मला रोलमध्ये घातलं ते रोवनने. रोवन सव्वीस वर्षांची, पोर्टलँडहून आलेली, 'उभं रान' या संस्थेची आमच्या भागातली एकमेव पगारी माणूस. बोलिंग क्लबच्या वरच्या खोलीत राहायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक बैठकीत अधूनमधून खालून दहा खुंट्या एकदम आडव्या पडल्याचा आवाज यायचा. तिचं म्हणणं साधं होतं. आमच्या गावची डीग्रूट पेपर कंपनी गॉसलिंग नावाचा टॉयलेट पेपर बनवते. त्याचा लगदा येतो कॅनडातल्या कधीच न तोडलेल्या जंगलातून. हे थांबवणारा कायदा नाही. एक स्वतंत्र शिक्का मात्र आहे. तो घेतला की तपासनीस न सांगता जंगलात येतात, मिलमध्ये येतात, लगद्याच्या टाकीत नाक घालतात. पण तो शिक्का ज्याने त्याने स्वखुशीने घ्यायचा असतो.

"मग कंपनी स्वखुशीने कशाला घेईल?" मी विचारलं होतं.

"घेत नाही," रोवन म्हणाली. "आपण तिला खुश व्हायला भाग पाडतो."

खुश करण्याच्या पद्धती ठरलेल्या होत्या. पहिली, प्रगतिपुस्तक. उभं रान दरवर्षी सगळ्या कागद कंपन्यांना शाळेसारख्या श्रेणी देतं आणि वर्तमानपत्रात छापून आणतं. डीग्रूटला सलग तीन वर्षं नापासाची श्रेणी. दुसरी पद्धत, कंपनीच्या मागे न लागता तिच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागायचं. म्हणून मी मिलच्या दारात नाही, दुकानाच्या दारात उभी. तिसरी, पत्रं, फोन, परत पत्रं. माझी मैत्रीण पा कू वांग हिने हॅन्सेल मार्केटच्या मुख्य कचेरीत इतके फोन केले की तिथली बाई तिला आवाजावरून ओळखायला लागली आणि शेवटी स्वतःच्या घटस्फोटाबद्दल सांगायला लागली.

कंपनीनेही उत्तर दिलं. त्यांनी गॉसलिंगचं हंसाचं पिल्लू माझ्यासमोर आणून उभं केलं. पिवळ्या पिसांचा पोशाख, आणि आत आमच्या शाळेचा फुटबॉल कोच. तो फुकट कूपनं वाटायचा. दुपारी आम्ही दोघं पार्किंगमध्ये शेजारी बसून सँडविच खायचो. तो म्हणायचा, "तुझ्यात हवा तरी खेळते गं. इथे मी शिजतोय."

पिल्लाच्या छातीवर कंपनीचा स्वतःचा शिक्का होता. हिरवं वर्तुळ, आत पिल्लू, चोचीत पान, खाली लिहिलेलं : 'गॉसलिंगचं वचन. निम्मा कागद जुन्या कागदापासून.' हा शिक्का कोणी दिला? कंपनीने. कोणाला? कंपनीला. उद्या मी माझ्या वहीवर स्वतःच पैकीच्या पैकी गुण लिहून खाली हंस काढला तर बीजगणिताच्या बाई काय म्हणतील? मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हंस छान आलाय.

आता खरी गोष्ट. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डीग्रूटची भागधारकांची सभा असते, आमच्या शाळेच्या जिममध्ये. निम्मं गाव जातं, कारण गरम हॅमचे पाव मिळतात आणि प्रत्येक खुर्चीखाली गॉसलिंगचा गठ्ठा ठेवलेला असतो. शिवाय मिलमधून निवृत्त होताना प्रत्येकाला एक शेअर चौकटीत घालून देतात. आणि ज्याच्याकडे एक शेअर आहे, त्याला सभेत दोन मिनिटं बोलता येतं. स्वतः बोला, नाहीतर सही करून दुसऱ्याला पाठवा.

रोवनने हे सांगितल्यावर मी खुर्चीतून उडालेच. "आमच्याकडे आहे! शेअर आहे आमच्याकडे!"

"कुठे?"

"संडासात."

खरंच होता. लेन आजोबांनी अडतीस वर्षं चार नंबरच्या मशीनवर काढली आणि चौकट मिळाल्या दिवशी ती कमोडच्या बरोबर वर ठोकली. "जिथला माल तिथे," म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी त्यांना गाठलं. ते गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशी भांडत होते.

"आजोबा, एक सही हवीय."

"प्रगतिपुस्तकावर? आईला घाबरतेस होय?"

"शेअरसाठी. सभेत तुमच्या जागी मी बोलणार."

त्यांनी पाना खाली ठेवला. "त्या रोलवालीने पाठवलं?"

"रोलवाली मी आहे. ती रोवन."

"नाही."

"पण आजोबा, जंगल…"

"हे बघ पोरी. झाडांचं मला काही कौतुक नाही. झाडं पानं गाळतात आणि ती मी गोळा करतो. तुझ्या जंगलासाठी मी जीनला सोडणार नाही."

इथे जीनकाका सांगायला हवेत. जीन वर्स्टेगेन म्हणजे आजोबांचा मशीनवरचा जोडीदार. अडतीस वर्षं मशीनच्या ओल्या टोकाला, लगदा पडतो तिथे, आजोबा, आणि कोरड्या टोकाला, कागद निघतो तिथे, जीनकाका. आता दर शुक्रवारी बेव्हच्या हॉटेलात मासे खायला एकत्र. आणि त्यांचा एक खेळ आहे. ताटाखाली जो छापील कागद अंथरतात, त्याचा कोपरा दोघं डोळे मिटून फाडतात, चोळतात, कानापाशी वाजवतात आणि कुठल्या मिलचा ते ओळखतात. मग बेव्ह खोका बघून निकाल ओरडते. हरणाऱ्याने दोघांची कोबीची कोशिंबीर खायची. दोघांनाही ती बघवत नाही. तीस वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही. आजी गेली त्या आठवड्यातही नाही. उलट त्या आठवड्यात जीनकाकांनी न खेळता दोन्ही कोशिंबिरी खाल्ल्या होत्या.

आणि जीनकाकांचा मुलगा टॉड हा आता गॉसलिंग विभागाचा मुख्य आहे. म्हणजे त्या सभेत मंचावर बसून ज्याला उत्तरं द्यावी लागतील, तो टॉड. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यात माझ्या बाबतीत साधारण तीन आठवडे जातात.

त्या शुक्रवारी रोवन बेव्हकडे आली. मी तिला येऊ नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "जिथे माणसं असतात तिथे जायला हवं." ती टेबलाटेबलांवर पत्रकं ठेवत फिरली. सुंदर पत्रक होतं, जाड, गुळगुळीत. वर जंगलाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात : 'डीग्रूटला विचारा : झाडं कुठून आणता?'

ते आजोबांच्या टेबलावर आलं. आजोबांनी वाचलंच नाही. त्यांनी सवयीने कोपरा फाडला, चोळला, मग दिव्यासमोर धरला. जीनकाकांनी दुसरा कोपरा फाडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चार नंबर," आजोबा म्हणाले.

"चार नंबरच," जीनकाका म्हणाले. "मशीनच्या जाळीची तिरपी रेघ उमटलीय बघ. ती अजून दुरुस्त केली नाही गाढवांनी."

"काय चार नंबर?" रोवनने हसून विचारलं. बिचारी.

"बाळ," जीनकाका फार मायेने म्हणाले, "हा कागद आमच्या मिलचा आहे. डीग्रूटला शिव्या द्यायला तू डीग्रूटचाच कागद विकत घेतलास."

अख्खं हॉटेल पाच मिनिटं हसत होतं. बेव्हने हसता हसता कोणाच्या तरी मांडीवर ब्रँडी सांडली. एकजण ओरडला, "अगं, अजून पाच हजार छाप, आमच्या पोरांना जादा पाळी मिळेल!" रोवन लाल झाली, मग पांढरी, मग पत्रकं गोळा करायला लागली. मला टेबलाखाली जायचं होतं. माझी जुनी जागाच ती. पण रोलमध्ये उभं राहिल्याचा फायदा हा, की एका मर्यादेपलीकडे तुमचा आणखी अपमान करता येत नाही. मी बसून राहिले आणि विचार केला : यांनी दोन बोटांनी जे ओळखलं, ते उभं रान आणि त्यांच्या तीन वकिलांना ओळखता आलं नाही.

घरी जाताना गाडीत विचारलं, "आजोबा, मला शिकवाल?"

"काय?"

"कागद ओळखायला."

आजोबांना आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. माझ्या बाबांनी नाही, आत्याने नाही. त्यांनी गाडी इतकी हळू केली की मागच्याने भोंगा वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी घरातला होता नव्हता तो सगळा कागद मांडला. वर्तमानपत्र, पाकिटं, माझी बीजगणिताची उत्तरपत्रिका (ती मी पटकन उलटी केली). "बोट ओलं कर. आता ओली रेघ ओढ. त्या रेघेवर सावकाश फाड. आता काळ्या कापडावर धर. काय दिसतं?"

"केस."

"मिशा म्हणायच्या. लांब मिशा म्हणजे नवं झाड. कागद एकदा वापरून परत लगदा केला की मिशा तुटतात, आखूड होतात. शिवाय शाईचे बारीक ठिपके राहतात. जुन्या कागदातून चांगला कागद काढणं म्हणजे खायचं काम नाही. एकोणनव्वद साली मी आणि जीनने चार नंबरवर ते पहिल्यांदा करून दाखवलं. अकरा महिने कागद तुटायचा. अकरा महिने! जीन मशीनशी बोलायला लागला होता. पण जमवलं."

ते रंगात आले होते. मी संडासात गेले आणि गॉसलिंगचा रोल घेऊन आले. शपथेवर सांगते, माझ्या मनात कट नव्हता. टेबलावर तेवढाच एक कागद नव्हता, म्हणून.

आजोबांनी रेघ ओढली, फाडलं, आपल्या काळ्या बाहीवर धरलं. मग दुसरा कागद फाडला. मग चष्मा पुसून तिसरा. फाटलेल्या कडेला पांढरी दाढी उगवावी तशा मिशा उभ्या होत्या. ठिपका एक नाही.

"वेष्टन आण," ते म्हणाले.

मी आणलं. त्यांनी पिल्लाचा शिक्का वाचला. 'निम्मा कागद जुन्या कागदापासून.'

"निम्मा," आजोबा म्हणाले. "निम्मा म्हणे. यात पाव पण नाही. माझ्या आईच्या लग्नाच्या पोशाखात याच्यापेक्षा जास्त जुना माल होता."

त्यांनी नखाने ते पिल्लू खरवडून पाहिलं. मला वाटलं जंगलाबद्दल काहीतरी म्हणतील. नाही.

"अकरा महिने," ते म्हणाले. "आणि हे चोर चित्र काढून मोकळे."

त्यांनी जाऊन चौकट उतरवली, पुसली (गरज होती), आणि रोवनने दिलेल्या अर्जावर सही केली. मी नाचायला लागणार, तेवढ्यात त्यांनी टोपी घातली.

"कुठे?"

"जीनकडे. त्याला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

मी पण गेले. जीनकाका दारातल्या नळीने आपली मासेमारीची होडी धूत होते. आजोबांनी सगळं सांगितलं, फाडलेला तुकडासुद्धा पुढे केला. जीनकाकांनी तो घेतला नाही.

"लेन्या, वर टॉड बसणार आहे."

"शिक्का टॉडने काढला नाही. तो विक्रीवाल्यांनी काढला."

"उत्तर टॉडलाच द्यावं लागेल. अख्ख्या गावासमोर. तुझ्या नातीला."

"मग टॉडला सांग, आधीच खरं बोल."

"तू मला शिकवू नको माझ्या पोराशी काय बोलायचं ते."

"तुकडा तर बघ."

"नाही बघणार," जीनकाका म्हणाले आणि नळी आमच्या बुटांच्या दिशेने किंचित वळली. मुद्दाम की चुकून, ते देव जाणे. आम्ही ओल्या बुटांनी घरी आलो. वाटेत आजोबा एकच वाक्य बोलले. "बघायला हवं होतं त्याने."

पुढच्या शुक्रवारी बेव्हकडे जीनकाकांची खुर्ची रिकामी. आजोबांनी एकट्याने कोपरा फाडला, कानापाशी नेला आणि मिलचं नाव न घेताच खाली ठेवला. बेव्हने खोका वाचून दाखवायची तसदी घेतली नाही. कोशिंबीर तशीच पडून राहिली. मी म्हटलं, "आजोबा, सही मागे घ्यायची का?" मला वाटलं होतं त्यापेक्षा ते विचारणं फार जड गेलं.

"आता मागे घेऊन तो परत येणार आहे का?" ते म्हणाले. "मासे खा."

सभेच्या दिवशी जिममध्ये तीनशे माणसं. हॅमचा वास, त्याखाली बास्केटबॉलच्या बुटांचा वास. मंचावर कर्टिस डीग्रूट, कंपनीच्या चौथ्या पिढीचे साहेब, चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतात, त्यामुळे त्यांची मान मला चेहऱ्यापेक्षा ओळखीची. शेजारी टॉड, टाय सैल करत, परत आवळत. तिसऱ्या रांगेत जीनकाका, अंत्ययात्रेचा काळा सूट घालून.

रोवनने मला तीन पानी भाषण दिलं होतं. यावेळी छापण्याआधी तिने कागद आजोबांकडून तपासून घेतला होता. भाषणात 'जैवविविधता' हा शब्द नऊ वेळा होता. माझं नाव पुकारलं. मी ध्वनिक्षेपकापाशी गेले, आणि घसा खाकरण्याची ती जुनी खाज आली. चिटणीस बाईंनी घड्याळ सुरू केलं. दोन मिनिटं.

मी समोर पाहिलं. तीनशे माणसं. त्यातली दोनशे तरी मिलमध्ये जन्म घालवलेली. एकाएकी मला कळलं की यांना जैवविविधता सांगणं म्हणजे माशांना पोहण्यावर पुस्तक भेट देणं. मी भाषण घडी घालून खिशात ठेवलं.

"माझं नाव ब्रिन हिटपास. लेन हिटपासच्या शेअरवर बोलतेय. तुमच्या खुर्चीखाली गॉसलिंग आहे. वेष्टनावर लिहिलंय, निम्मा कागद जुन्या कागदापासून. माझं म्हणणं काहीच नाही. फक्त एक कागद घ्या. बोट ओलं करा. रेघ ओढा. फाडा. आणि काळ्या कापडावर धरा. एवढंच."

आणि मी गप्प बसले. हातात सव्वा मिनिट उरलं होतं. ते मी बोलण्यात घालवणार नव्हते. मी तिथेच उभी राहिले.

आधी काहीच झालं नाही. मग मागे कुठेतरी प्लास्टिक टरकन फाटलं. मग आणखी एक. मग पावसासारखं. आणि मग तीनशे माणसांनी एकदम जिभा बाहेर काढून अंगठे ओले केले. कर्टिस साहेबांच्या चेहऱ्यासमोर तीनशे जिभा. मला मरताना एकच दृश्य दाखवायचं झालं तर देवाने हेच दाखवावं. मग ती बारीक ओली फाटण्याची कुजबुज. माणसं बाह्यांवर, पँटींवर, शेजारणीच्या पर्सवर कागद धरून बघत होती. एक आजी भिंग काढून बसली.

"अरे कर्टिस," मागून कोणीतरी ओरडलं, "तुझ्या पिल्लाला मिशा फुटल्यात रे!"

मग जो हलकल्लोळ झाला! "ठिपका दाखवा, एक ठिपका!" "आम्ही काय आंधळे वाटलो?" कोचसुद्धा पिसांचं डोकं काखेत धरून फाडत होता. कर्टिस साहेब म्हणाले, मऊपणासाठी मिश्रणात वेळोवेळी बदल होतात. कोणीतरी म्हणालं, मग वेष्टनात पण कर. साहेब म्हणाले, आम्ही समिती नेमू. ते ऐकून लोक आणखी हसले.

मी मात्र जीनकाकांकडे बघत होते. त्यांचा गठ्ठा खुर्चीखाली तसाच होता. हात मांडीवर. शेजारच्याने आपला एक कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ नुसता धरला. मग अंगठा ओला केला, रेघ ओढली, फाडला, आणि अंत्ययात्रेच्या काळ्या पँटवर ठेवला. त्यांनी वर टॉडकडे पाहिलं. टॉड बुटांकडे बघत होता. जीनकाका उठले आणि गठ्ठा तिथेच सोडून बाहेर गेले. गावात फुकटचा गठ्ठा सोडून जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हा कुठे चिटणीस बाईंना घंटा वाजवायची आठवण झाली. माझी दोन मिनिटं कधीच संपली होती.

त्यानंतरचं सगळं वर्तमानपत्रात आलं. जिभांचा फोटो पहिल्या पानावर. पा कूच्या घटस्फोटवाल्या मैत्रिणीने आतली बातमी दिली की हॅन्सेल मार्केटने कंपनीला लिहिलंय, स्वतंत्र शिक्का आणा नाहीतर आमची फळी सोडा. तीन आठवड्यांनी डीग्रूट पेपरने जाहीर केलं की पर्यावरणाच्या प्रेमापोटी, पूर्णपणे स्वखुशीने, ते बाहेरचे तपासनीस बोलावत आहेत. पिल्लाचा शिक्का गेला. रोवनने त्यांची श्रेणी नापासवरून काठावर पास अशी केली. आई म्हणाली, तुझ्या बीजगणितापेक्षा बरी. टॉडची नोकरी राहिली, फक्त आता त्याच्या मागे मागे एक तपासनीस बाई वही घेऊन फिरते. रोवन एका साबणवाल्यांच्या गावाला गेली. मी तिला बजावलं, पत्रक छापण्याआधी हात धुऊन साबण कुणाचा ते बघ.

मी जिंकले होते. शाळेत मला टाळ्या मिळाल्या. मिसेस लोकेनच्या हजेरीला मी आता इतक्या जोरात "हजर" म्हणते की शेजारच्या वर्गातून कोणीतरी उत्तर देतं. पण शुक्रवार आला की आजोबा टोपी हातात घेऊन दारापाशी जरा जास्तच वेळ उभे राहायचे. पाच शुक्रवार झाले. खुर्ची रिकामीच.

सहाव्या शुक्रवारी आम्ही गेलो तर जीनकाका तिथे होते. आमच्या टेबलावर नाही. बारच्या स्टुलावर, आमच्याकडे पाठ करून, पुढ्यात मासे आणि कोशिंबीर. शेजारच्या टेबलावरच्या, मिलमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांनी आजोबांच्या खुर्चीवर गॉसलिंगचा रोल ठेवला होता. "हिला खुर्ची देऊ नका रे," एकजण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला उभं राहायची सवय आहे." सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी रोल उचलून बेव्हच्या हातात दिला, बेव्हने आधीच मांडलेलं आपलं ताट उचललं, ताटाखालचा कागद उचलला आणि बारपाशी जाऊन जीनकाकांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मी माझं लिंबूपाणी घेऊन मागे. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला हल्ली बोलावणं लागत नाही.

दोघांनी समोरच्या बाटल्यांकडे तोंड करून मासे खायला सुरुवात केली.

"टॉड बोलत नाही माझ्याशी," जीनकाका शेवटी म्हणाले. बाटल्यांना.

"बोलेल."

"तू आधीपासून शहाणा."

"नाही रे. मी तसा गाढवच."

मग जीनकाकांनी डोळे मिटले, आपल्या ताटाखालच्या कागदाचा कोपरा फाडला, चोळला, कानापाशी नेला. "ओशकोशची मिल," ते म्हणाले.

आजोबांनी डोळे मिटले. फाडला. चोळला. जरा थांबले.

"चार नंबर," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातला तुकडा बघत होते. दिवा बरोबर मागे होता. तिरपी रेघ नव्हती. ती जाळीची रेघ आता मीसुद्धा ओळखते, आणि आजोबा तर ती झोपेत, हातमोजे घालून, दुसऱ्या खोलीतून ओळखतील. मी तोंड उघडलं. आजोबांनी डोळे न उघडता माझ्या पायावर पाय ठेवला.

"ओशकोश!" बेव्ह खोक्यावरून ओरडली.

जीनकाका पहिल्यांदा आजोबांकडे वळले. त्यांनी तो तुकडा आजोबांच्या बोटांतून काढून घेतला, दिव्यासमोर धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग आपली कोशिंबिरीची वाटी आजोबांकडे सरकवली.

"म्हातारा झालास, लेन्या."

"झालो खरा," आजोबा म्हणाले आणि तोंड वाकडं करत पहिला घास घेतला.